तास संपल्यावर लिहिणं : ब्लॉग लिहून शिक्षक स्वतः काही शिकतो का?

खडूधूळ
मंडळी, बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न विचारते आहे. मी गणित शिकवते, बारा वर्षं झाली. मागच्या महिन्यात कपाट आवरताना टाचणाच्या जुन्या वह्या हाती लागल्या. चाळताना एक गोष्ट खटकली. तासाला काय शिकवणार होते ते पानोपानी आहे, मिनिटांसकट आहे. प्रत्यक्षात तासाला काय झालं ते कुठेच नाही.

एक उदाहरण देते. १/२ + १/३ = २/५ हे उत्तर दरवर्षी पाचसात मुलं तरी देतातच. मी छेद समान करायची रीत पुन्हा सांगते, तेवढ्यापुरतं जमतं आणि चाचणीत परत २/५. एका वर्षी मी काहीतरी वेगळं केलं होतं आणि ते लागू पडलं होतं, एवढं पक्कं आठवतं. काय केलं होतं ते काही केल्या आठवत नाही! त्या दिवसाच्या टाचणात लिहिलंय, 'अपूर्णांकांची बेरीज, सराव'. झालं.

म्हणून ब्लॉग सुरू करावा म्हणते. सरावपत्रिका वाटायचा नाही, तसे पुष्कळ आहेत. काय केलं, काय फसलं, एवढंच लिहायचा. पण याचा स्वतःच्या शिकण्याला खरंच उपयोग होतो का? आणि हेच वहीत लिहिलं तर काय बिघडलं, चारचौघांत कशाला? ज्यांनी सुरू करून बंद केला त्यांनी तेही सांगा.

तिसरा बाक
बंद का केला हे मी सांगू शकतो. दुसरी पोस्ट लिहायची राहिली. २०११ पासून राहिली आहे.

अर्धविराम
+१. माझी पहिली पोस्ट 'नमस्कार, हा माझा ब्लॉग' अशी आहे. तीच शेवटची.

घडवणारा
मी शाळेतला नाही. कारखान्यात नव्या यंत्रांवर काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देतो. तुमचं जसं टाचण, तसा आमचा शेवटच्या दिवशी भरून घेतलेला अभिप्राय फॉर्म. 'उत्तम', 'खूप छान', 'खोली हवेशीर होती'. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचं मोजमाप चार पायऱ्यांत मांडलं : लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर परतल्यावर त्यांचं वागणं बदललं का आणि त्यातून शेवटी काय साधलं. आमच्यातले बहुतेक जण पहिल्याच पायरीवर बैठक मारून असतात.

चार वर्षं ब्लॉग लिहितोय. नियम एकच : प्रत्येक तुकडीवर दोनदा लिहायचं. एकदा त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्यांदा सहा आठवड्यांनी, तुकडीतल्या दोघातिघांना फोन करून. पहिली पोस्ट बहुतेक वेळा भ्रमाची असते. दुसरीत भोपळा फुटतो.

दुरुस्तीआधी यंत्राचा वीजपुरवठा तोडून कुलूप आणि पाटी लावायची, हा विषय मी फार रंगवून शिकवायचो. लोक माना डोलवायचे. सहा आठवड्यांनी कळलं की एकही जण कुलूप लावत नाही. कारण कुलपं सुपरवायझरच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली सुपरवायझरच्या खिशात! मी मात्र त्या विषयाच्या स्लाइड सुधारत बसलो होतो. हे लिहिलं, तर खाली एका अनोळखी प्रशिक्षकाने एका ओळीत विचारलं, 'हे तुम्ही खोलीत शिकवता की यंत्रापाशी?' त्यानंतर यंत्रापाशीच शिकवतो. पहिल्याच दिवशी 'कुलूप आणा बरं' म्हटलं की कपाटाचा प्रश्न आपोआप बाहेर येतो. वहीने मला हा प्रश्न विचारला नसता.

नाकासमोर
विरोधी मत नोंदवतो. शिक्षकांचे ब्लॉग वाचून विटलो आहे. 'आज मुलांच्या डोळ्यांत चमक दिसली.' प्रत्येक पोस्टमध्ये चमक! एवढी चमक असती तर वर्गात दिवे लावायची गरज पडली नसती. चारचौघांसाठी लिहायला बसलं की माणूस केस विंचरूनच बसतो. वहीला वाचक नसतो, म्हणून ती खोटं बोलत नाही. शिवाय वेळ. पेपरांचा गठ्ठा तपासून झाल्यावर कोण लिहिणार?

वात्रट
तुमच्या डोळ्यांत चमक दिसली हो नाकासमोर.

खडूधूळ
@नाकासमोर, चमकेचं अगदी पटलं. मलाही तीच भीती आहे, म्हणून तर विचारतेय. @घडवणारा, सहा आठवड्यांनी परत लिहायची कल्पना आवडली. आमच्याकडे फोनही करावा लागणार नाही, मुलं समोरच असतात.

जुनी पाटी
वही खोटं बोलत नाही हे मला मान्य नाही. सव्वीस वर्षं शिकवलं, त्यातली पंधरा रोजनिशी लिहिली. आता वाचते तेव्हा कळतं, सगळ्यात जास्त थापा तिथेच मारल्यात. 'आज वर्गाचं लक्ष नव्हतं.' कोणाचं नव्हतं? किती वाजल्यापासून? मी तेव्हा काय करत होते? वहीने एकदाही विचारलं नाही. 'लक्ष नव्हतं' म्हटलं की सगळा दोष मुलांकडे जातो आणि आपण निवांत झोपतो.

परक्या माणसाला सांगायचं म्हटलं की तपशील द्यावाच लागतो, आणि तपशिलात आपली चूक लपत नाही. मी फळ्याकडे तोंड करून सलग अकरा मिनिटं लिहीत होते आणि वर्गाला माझी पाठ होती, हे मला एका सहकारिणीला पत्र लिहिताना उमजलं. तेव्हा ब्लॉग नव्हते, पत्रंच होती. काम तेच.

थोडं जड बोलते, चालवून घ्या. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये फरक मांडला होता : काम करता करता होणारा विचार वेगळा आणि काम उरकल्यावर मागे वळून केलेला वेगळा. ब्लॉग हा उघडच दुसऱ्या प्रकारचा. पण माझा अनुभव असा की दुसऱ्याची सवय लागली की पहिलाही तरतरीत होतो. भर तासात कानात कोणीतरी म्हणतं, 'थांब, हे लिहिण्यासारखं आहे.' आणि त्या क्षणी आपण त्या मुलाचं उत्तर नीट ऐकतो. एरवी ते 'चूक, बस खाली' यातच गेलं असतं.

शब्दकिडा
अवांतर, पण राहवत नाही. ब्लॉगला मराठीत 'अनुदिनी' आणि 'जालनिशी' असे दोन छान शब्द आहेत, दोन्ही आपण वापरत नाही. मूळ 'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्जर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरला. १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ यांनी गमतीने तो फोडून 'वी ब्लॉग' केला आणि ब्लॉग रूढ झाला. त्यातला 'लॉग' जहाजावरचा. पूर्वी दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका पाण्यात टाकून जहाजाचा वेग मोजत आणि तो ज्या वहीत मांडत ती लॉगबुक. जहाज खडकाला घासलं तर तेही तिच्यात लिहावं लागतं. 'प्रवाशांच्या डोळ्यांत चमक दिसली' एवढं लिहून कप्तानाचं भागत नाही.

नाकासमोर
बरं, एक गुण तुम्हाला.

भूमितीवाला
मूळ धाग्याला सोडून, २/५ बद्दल. खडूधूळ, ही मुलं चुकतात असं सरसकट म्हणू नका. ती दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देतात. मी दोन वेळा नेम धरला, एकदा लागला : १/२. मग तीन वेळा धरला, एकदा लागला : १/३. एकूण? पाचपैकी दोन. म्हणजे २/५! अंशात अंश, छेदात छेद. गणितात या क्रियेला नाव आहे, मीडियंट, आणि जॉन फॅरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अपूर्णांकांच्या मालिकेत ती जागोजागी येते. मुलांनी ती खेळात, गुणांच्या बेरजेत रोज पाहिलेली असते. तुम्ही बेरीज म्हणता तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू, एकच पोळी किंवा पट्टी नसते. दोन वेगवेगळे डाव असतात.

अर्धविराम
हे भारी आहे. मी दहा वर्षं 'वेंधळेपणा' म्हणून तांबडी फुली मारत आलो.

तिसरा बाक
मी तेव्हा शाळेत हेच सांगत होतो. कोणी ऐकलं नाही.

रेघोटी
पण मग सांगायचं कसं? मी आधी अंदाज विचारते. अर्ध्यात आणखी काही घातलं तर अर्ध्यापेक्षा जास्त व्हायला हवं ना? २/५ तर अर्ध्यापेक्षा कमी. घातलं आणि कमी झालं? वर्ग हसतो. तिथून मग पट्ट्यांचे भाग पाडून बेरीज. छेदाची रीत सगळ्यात शेवटी.

भूमितीवाला
अंदाज बरोबर, पण नेमाचं उदाहरणही वर्गात आणा. नाहीतर मुलांना वाटतं की त्यांचा विचारच मूर्खपणाचा होता.

खडूधूळ
अहो, अपूर्णांकांचं सोनं केलंत, मनापासून आभार. पण मला ब्लॉगबद्दल विचारायचं होतं!

वात्रट
ताई, २/५ लोकांनी तुमच्या प्रश्नाला उत्तर दिलंय. छेद समान करा, समाधान मिळेल.

नुसती वाचक
मी लिहीत नाही, लिहिणारही नाही. पण शिकले ते ब्लॉग वाचूनच. जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा आहे : जालावर शंभरात नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात, एक जण लिहितो. मी त्या नव्वदांतली, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

सुरुवातीला शोधून शोधून वाचायचे, त्यात वेळ जायचा. मग आरएसएस कळलं. वीस ब्लॉगांचं नवं लिखाण एकाच जागी येतं आणि कोण काय दाखवायचं ते ठरवायला मध्ये कोणी नसतं. त्यासाठी वापरायचे तो गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा जवळचं कोणी गेल्यासारखं वाटलं होतं. आता फीडली वापरते.

डॅन मेयर हे मूळचे गणिताचे शिक्षक वर्षानुवर्षं ब्लॉग लिहीत आले आहेत. त्यांनी २०११ मध्ये 'तीन अंकी' धडा मांडला : आधी एखादं दृश्य नुसतं दाखवायचं आणि प्रश्न मुलांना विचारू द्यायचा, मग लागेल ती माहिती पुरवायची, शेवटी खरं उत्तर दाखवायचं. हे मी विज्ञानात केलं. बादलीत थेंब थेंब पाणी पडतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून आणला आणि गप्प बसले. गप्प बसणं हा सगळ्यात अवघड भाग. पहिल्यांदा मी चाळीस सेकंदांत तोंड उघडलं.

माझी पद्धत : एका सत्रात एकच उसनी गोष्ट. वाचलेलं सगळं करून पाहायला गेलं की काहीच होत नाही. आणि आपल्या विषयाबाहेरचा एक तरी ब्लॉग वाचावा. एका संगीतशिक्षिकेने लिहिलं होतं की विद्यार्थी अडला की सगळी चीज पुन्हा म्हणायला लावू नका, अडते तेवढीच ओळ संथ लयीत घ्या. मी प्रयोगाच्या नोंदी शिकवताना तेच करते. पूर्ण अहवाल पुन्हा लिहायला लावत नाही, फक्त निष्कर्षाच्या दोन ओळी.

घडवणारा
@नुसती वाचक, 'वाचून काय करून पाहिलं' एवढं त्या ब्लॉगखाली चार ओळींत लिहाल? लिहिणाऱ्याला ते अभिप्राय फॉर्मपेक्षा शंभरपट मोलाचं असतं. सांगणारं कोणी नसलं की आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

नुसती वाचक
हं. नवातली होऊन पाहते.

पडद्याआड
इथे अजून कोणी बोललं नाही म्हणून बोलतो. मुलांबद्दल लिहिताना जपा. मी हात पोळून घेतलेत.

सहा वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याबद्दल लिहिलं होतं. नाव नाही, वर्ग नाही, गावही नाही. तो वाचताना अक्षरं गाळतो, मी काय करून पाहिलं, कशाने फरक पडला, असं सगळं कौतुकाचंच होतं. पण माझं नाव ब्लॉगवर होतं आणि त्या वर्षी मी कोणता वर्ग शिकवतो हे सगळ्यांना माहीत. त्याच्या आईने वाचलं. ती मला म्हणाली, 'सर, तुम्ही वाईट काही लिहिलं नाही. पण त्याच्या मित्रांनीही वाचलंय.' मुलगा पुढचे दोन महिने माझ्या तासाला मोठ्याने वाचायला उभा राहिला नाही. जे दुरुस्त केलं म्हणून मिरवत होतो ते मीच मोडलं. पोस्ट काढून टाकली. शोधयंत्रात मात्र तिची एखादी ओळ पुढेही काही दिवस दिसत राहिली.

तेव्हापासून चालू वर्षातल्या मुलावर चालू वर्षात लिहीत नाही. फोटो नाही, पाठमोराही नाही. वहीचं पान दाखवायचं तर स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून काढतो, कारण अक्षर ओळखू येतं. मुलाचा आजार, घरची भांडणं, पैशाची ओढाताण हे विषयच वर्ज्य. आणि पोस्ट टाकण्याआधी स्वतःला विचारतो की हा मुलगा वीस वर्षांचा झाल्यावर स्वतःचं नाव शोधत इथे पोहोचला तर माझ्यासमोर बसून हे वाचेल का. मुख्याध्यापकांना किंवा संस्थेला आधी विचारून घ्या. नियम जागोजागी वेगळे असतात आणि 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही.

रेघोटी
वाचून गलबलले. तो मुलगा पुढे वाचायला लागला का?

पडद्याआड
लागला. दुसऱ्या शिक्षकांच्या तासाला.

नाकासमोर
पडद्याआड, सगळं मान्य. पण एक शंका. तपशील बदलले, वर्ष बदललं, दोन मुलांचं एक केलं, तर उरलं काय? गोष्ट. आणि गोष्टीवरून दुसरा शिक्षक काय शिकणार? वर जुनी पाटी म्हणतात की तपशिलातच सत्य असतं. दोघांचं जमत नाही.

जुनी पाटी
प्रश्न बिनतोड आहे. माझ्या परीने उत्तर देते. मुलाचे तपशील गाळा, स्वतःचे गाळू नका. मी काय विचारलं, कोणत्या शब्दांत विचारलं, किती वेळ थांबले, उत्तर आल्यावर माझा चेहरा कसा झाला, हे सगळं खरं आणि पूर्ण लिहा. शिकायचं आहे ते आपल्याला, तेव्हा उघडं व्हायचं तर आपणच व्हावं. मुलाचं फक्त उत्तर लागतं, मूल नाही लागत. वर २/५ वर एवढी चर्चा झाली, ते उत्तर कोणत्या मुलाचं होतं हे कोणी विचारलं का?

नाकासमोर
(गप्प.)

वात्रट
तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.

उत्साही
फार छान धागा! ब्लॉग जरूर लिहा, कारण संशोधन सांगतं की माणसाच्या लक्षात वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के राहतं.

शब्दकिडा
@उत्साही, रागावू नका, पण हा आकडा वाऱ्यावरचा आहे. हे टक्के घातलेलं एक त्रिकोणी चित्र शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवतात. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू (प्रत्यक्ष करण्यापासून नुसत्या शब्दांपर्यंतची उतरंड) मांडला होता हे खरं, पण त्यात टक्के नव्हतेच. ते नंतर कोणीतरी चिकटवले. एवढे गोल गोल आकडे कोणत्या प्रयोगात येतात? आता ते प्रशिक्षणाच्या निम्म्या स्लाइडवर असतात.

घडवणारा
...माझ्याही होते. दोन वर्षं. ब्लॉगवरही टाकले होते. एका वाचकाने खाली लिहिलं तेव्हा कानशिलं तापली. पोस्ट काढून टाकणार होतो, मग ठेवली. चुकीच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली. आज ती माझी सगळ्यात जास्त वाचली जाणारी पोस्ट आहे, आणि दर दोनतीन महिन्यांनी कोणीतरी येऊन सांगतं की आम्हीही हेच शिकवत होतो.

उत्साही
अरे बापरे. मी कालच शिक्षकांच्या गटावर पाठवलं. आता तिथेही दुरुस्ती टाकते.

अर्धविराम
तुमच्यासारखी दुरुस्ती टाकणारी माणसं विरळाच हो.

सक्तीचा मामला
उशिरा आलो. माझी कहाणी वेगळी आहे. एका संस्थेत होतो तिथे फर्मान निघालं : प्रत्येक शिक्षकाने महिन्याला एक चिंतनपर पोस्ट लिहायची, तीही ठरलेल्या सहा मथळ्यांखाली. घटना, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती आराखडा. हा ग्रॅहम गिब्ज यांचा १९८८ चा आराखडा. तो मुळात वाईट नाही, नवख्याला हात धरून नेतो. पण सक्ती आली आणि तिसऱ्या महिन्यापासून 'भावना' या मथळ्याखाली सगळ्या विभागाचं एकच वाक्य यायला लागलं : 'मला आव्हानात्मक तरी समाधानकारक वाटले.' एकाने तर मागच्या वर्षीची पोस्ट तारीख बदलून टाकली. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण वाचत कोणीच नव्हतं. मोजत होते.

चिंतन वरिष्ठांच्या नजरेखाली करायचं म्हटलं की माणूस आव्हानात्मक तरी समाधानकारकच होतो. खडूधूळ, तुमचा ब्लॉग मूल्यमापनाच्या फायलीत जाणार असेल तर लिहू नका. किंवा दोन लिहा.

तिसरा बाक
हा प्रतिसाद मला आव्हानात्मक तरी समाधानकारक वाटला.

रेघोटी
वेळेबद्दल नाकासमोर यांनी विचारलं होतं, ते तसंच राहिलं. आम्ही पाच जणींनी मिळून एकच ब्लॉग चालवला, दर आठवड्याला एकीची पाळी. म्हणजे पाच आठवड्यांतून एक पोस्ट, तीनशे शब्दांच्या आत. उरलेले चार आठवडे लिहायचं नाही, पण जिची पाळी आहे तिला एक प्रश्न मात्र विचारायचा. 'छान' लिहायला बंदी! पहिले दोन महिने फार जड गेलं. 'छान' शिवाय एकमेकींशी बोलता येत नाही हे तेव्हा कळलं.

विषय वेगवेगळे होते त्याचाही फायदा झाला. भाषेच्या बाईंनी मला विचारलं, 'तू उदाहरण सोडवतेस तेव्हा मुलं काय करत असतात?' गणिताच्या माणसाने हे विचारलं नसतं, त्याला उत्तर माहीत असतं. मुलं उतरवून घेत असतात. आता मी अर्ध्यावर खडू खाली ठेवते आणि पुढची पायरी त्यांना आपापल्या वहीत लिहायला सांगते.

सव्वादोन वर्षं चालला. दोघींच्या बदल्या झाल्या आणि थांबला. पण थांबला म्हणजे फुकट गेला असं नाही, अजून जुन्या पोस्टी काढून वाचतो.

तारजोडणी
तांत्रिक सूचना, थोडक्यात. वर्डप्रेस किंवा ब्लॉगर, काहीही चालेल, त्यात आठवडे घालवू नका. पण दर तीन महिन्यांनी सगळ्या लिखाणाची प्रत उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवा, दोन्हीकडे निर्यातीची सोय आहे. जिओसिटीज ही फुकट संकेतस्थळांची सेवा २००९ मध्ये बंद झाली, पोस्टरस ही ब्लॉगसेवा २०१३ मध्ये. लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत गेली. आणि पोस्टला सापडेल असं नाव द्या. 'आजचा तास' अशा नावाच्या चाळीस पोस्टींतून २/५ शोधायला गेलात की पुन्हा टाचणाची वहीच.

जुनी पाटी
हे फार महत्त्वाचं. मी तर मुलांच्या उत्तरालाच शीर्षक करते. 'पाण्याला रंग निळा असतो', 'उणे म्हणजे नसलेलं'. वर्षाने शोधताना तेच आठवतं.

खडूधूळ (साडेतीन आठवड्यांनी)
धागा वर काढते. तुम्ही सगळ्यांनी एवढं सांगितलंत तर काय झालं ते सांगायला हवं.

रेघोटींची कल्पना उचलली. आम्ही तिघी आहोत : मी, विज्ञानाची एक मैत्रीण आणि तिची बहीण, जी रुग्णालयात परिचारिकांना शिकवते. ब्लॉग तूर्त फक्त आम्हा तिघींनाच दिसतो. पडद्याआड यांचं वाचल्यावर उघडा करायचं धाडस झालं नाही. नाकासमोर यांच्या वहीत आणि चारचौघांत याच्या मधलं काहीतरी झालंय.

माझी पहिली पोस्ट अर्थातच २/५. भूमितीवाला म्हणाले तसं दोन्ही उदाहरणं वर्गात नेली, नेमाचं आणि पट्टीचं. फळ्यावर दोन्ही मांडली आणि विचारलं, यातलं बेरीज कुठलं? मला वाटलं होतं पट्टी म्हणतील. वर्ग सरळ दोन तट पडून भांडायला लागला. एक मुलगी म्हणाली, 'नेमातपण बेरीजच आहे, पण ती अपूर्णांकांची नाही, नेमांची आहे.' मी गप्प राहिले. (नुसती वाचक, मी एकवीस सेकंदांत तोंड उघडलं.) तास संपला तरी छेदाची रीत आलीच नाही. टाचणाप्रमाणे मी एक तास मागे आहे.

परिचारिकांच्या बाईंनी खाली विचारलंय, 'ज्या मुलांना पट्टीचं आधीपासून कळत होतं, त्यांनी त्या तासाला काय केलं?' तीन दिवस झाले, मला उत्तर देता आलेलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

भूमितीवाला
ते 'नेमांची आहे' वाक्य शीर्षकाला घ्या.

खडूधूळ
घेतलंय.

घडवणारा
आणि सहा आठवड्यांनी?

खडूधूळ
चाचणी सतरा तारखेला आहे. अठराला लिहिते.

तिसरा बाक
दुसरी पोस्ट ना? सांभाळून हो.